‘फक्त एक क्लिक करा’ म्हटल्यावर पुढे काय होतं? ईआयए २०२० ची ईमेल मोहीम आणि ब्लॉक झालेली वेबसाईट

व्हॉट्सॲपवर एक लिंक येते. “जंगल वाचवा, फक्त एक क्लिक करा.” आपण क्लिक करतो, जीमेल उघडतं, मेल आधीच लिहिलेला असतो. आपण सेंड दाबतो आणि पुन्हा रील्सकडे वळतो. त्या मेलचं पुढे काय होतं? कोणी वाचतं का? सरकारवर खरंच काही फरक पडतो का? आणि असा मेल पाठवल्याबद्दल उद्या पोलिसांचा फोन आला तर?

हे प्रश्न अगदी रास्त आहेत, आणि त्यांची उत्तरं देणारं एक मोठं उदाहरण आपल्याच देशात घडून गेलंय. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये घरात बसलेल्या तरुणांनी केंद्र सरकारच्या एका मसुद्याविरुद्ध ईमेलची मोहीम चालवली. लाखोंच्या संख्येने मेल गेले. मोहीम चालवणारी वेबसाईट ब्लॉक झाली आणि दहशतवादविरोधी कायद्याचं कलम लावलेली नोटीसही निघाली. पुढे ती नोटीस मागे घ्यावी लागली आणि साईट परत सुरू झाली.

या लेखात आपण ती मोहीम टप्प्याटप्प्याने उलगडून बघू. मेल कसा जातो, वेबसाईट कशी ‘गायब’ करता येते, लाखो मेल कसे मोजले जातात, आणि या सगळ्यात आपल्या एका क्लिकची नेमकी किंमत किती.

## आधी हे समजून घ्या: ईआयए म्हणजे काय?

ईआयए म्हणजे एन्व्हायर्नमेंट इम्पॅक्ट असेसमेंट, मराठीत पर्यावरणीय आघात मूल्यांकन. कोळशाची खाण, औष्णिक वीज प्रकल्प, मोठा महामार्ग, बंदर, केमिकल कारखाना असं काही उभं करायचं असेल, तर त्याचा हवा, पाणी, जमीन आणि माणसांवर काय परिणाम होईल याचा अभ्यास आधी करावा लागतो. अनेक प्रकल्पांसाठी गावात जनसुनावणी घ्यावी लागते. त्यानंतर पर्यावरण मंजुरी मिळते. सध्याची पद्धत २००६ च्या अधिसूचनेवर चालते आणि तिच्यामागे १९८६ चा पर्यावरण (संरक्षण) कायदा आहे.

आता तुम्ही म्हणाल, याचा हवामान बदलाशी काय संबंध? संबंध थेट आहे.

भारतात हवामान बदलासाठी वेगळा, एकच असा कायदा नाही. २०१७ मध्ये उत्तराखंडच्या रिधिमा पांडे या नऊ वर्षांच्या मुलीने राष्ट्रीय हरित लवादात याचिका केली. सरकार हवामान बदलाबाबत पुरेसं काही करत नाही, असं तिचं म्हणणं होतं. २०१९ मध्ये लवादाने ती निकाली काढली. लवादाच्या म्हणण्याचा सारांश असा की, पर्यावरण मंजुरी देताना पॅरिस करारासारख्या गोष्टींचा विचार होत नसेल असं गृहीत धरायचं कारण नाही.

याचा अर्थ बघा. हवामानाचा प्रश्न विचारायला वेगळं दार नाही, तो मंजुरीच्या प्रक्रियेतच विचारला जातो, असं लवादाने मानलं. मग तीच प्रक्रिया सैल झाली तर प्रश्न विचारायची जागाच आकुंचन पावते. पुढे मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एम. के. रणजितसिंह खटल्यात हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा घटनेच्या कलम १४ आणि २१ मधून येणारा हक्क असल्याचं सांगितलं. त्याच निकालात, असा हक्क सांगणारा स्वतंत्र कायदा देशात नाही याचीही नोंद केली.

## मसुद्यात असं काय होतं?

मार्च २०२० मध्ये पर्यावरण मंत्रालयाने नव्या ईआयए अधिसूचनेचा मसुदा आणला. एप्रिलमध्ये तो राजपत्रात छापला गेला. लोकांना खटकलेल्या मुख्य गोष्टी अशा:

१. आधी बांधा, मग परवानगी घ्या. मंजुरी न घेता काम सुरू केलेल्या प्रकल्पांना दंड वगैरे भरून नंतर मंजुरी मिळवायची वाट कायमची खुली होत होती.

२. तक्रार कोणी करायची? असं उल्लंघन झाल्याचं कंपनीने स्वतः कळवावं किंवा सरकारी यंत्रणेने लक्षात आणून द्यावं, अशी रचना होती. शेजारच्या गावातल्या माणसाचा त्यात उल्लेख नव्हता.

३. जनसुनावणीची मुदत. नोटीस देण्याचा काळ ३० दिवसांवरून २० दिवसांवर येत होता.

४. अहवाल. अटी पाळल्याचा अहवाल सहा महिन्यांऐवजी वर्षातून एकदा.

हे सगळं कागदावरचं वाटतं. पण हरकतींची मुदत चालू असतानाच, ७ मे २०२० च्या पहाटे, विशाखापट्टणमच्या एलजी पॉलिमर्स कारखान्यातून स्टायरीन वायूची गळती झाली. अकराहून अधिक लोक गेले, शेकडो लोकांना दवाखान्यात हलवावं लागलं. या कंपनीने २०१९ मधल्या प्रतिज्ञापत्रात आपल्याकडे वैध पर्यावरण मंजुरी नसल्याचं मान्य केलं होतं. ‘आधी बांधा, मग परवानगी’ याचा अर्थ काय होऊ शकतो, हे लोकांना वेगळं समजावून सांगावं लागलं नाही.

कायद्यानुसार अशा मसुद्यावर ६० दिवसांत हरकती मागवाव्या लागतात. लॉकडाऊन असल्याने मुदत आधी ३० जूनपर्यंत वाढली. मग दिल्ली उच्च न्यायालयाने ती ११ ऑगस्टपर्यंत नेली आणि मसुदा घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या भाषांमध्ये, म्हणजे मराठीतही, आणायला सांगितलं. त्याविरुद्ध मंत्रालय सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथे दिलासा मिळाला नाही. उच्च न्यायालयातच पुनर्विचार मागा, असं सांगण्यात आलं.

रस्त्यावर उतरता येत नव्हतं, मोर्चा काढता येत नव्हता. हातात फोन होता आणि मंत्रालयाने हरकतींसाठी स्वतः जाहीर केलेला ईमेल पत्ता होता. फ्रायडेज फॉर फ्युचर इंडिया, लेट इंडिया ब्रीद, देअर इज नो अर्थ बी अशा गटांनी तिथूनच सुरुवात केली. पहिलं नाव ओळखीचं असेल. २०१८ मध्ये स्टॉकहोममध्ये ग्रेटा थुनबर्गने एकटीने सुरू केलेल्या शाळा-संपातून ही चळवळ जगभर पसरली.

## क्लिक केल्यावर तांत्रिकदृष्ट्या काय होतं?

अशा मोहिमांमध्ये मेल पाठवायच्या साधारण दोन पद्धती असतात. वरून दोन्ही सारख्याच दिसतात, आतून मात्र बराच फरक आहे.

पद्धत एक: मेलटू लिंक. ही एक खास प्रकारची लिंक. तिच्यात कोणाला पाठवायचं, विषय काय आणि मजकूर काय, हे सगळं लिहिलेलं असतं. क्लिक केलं की फोन तुमचं मेल ॲप उघडतो आणि रकाने भरून देतो. सेंड तुम्हीच दाबता. मेल तुमच्या खात्यातून, तुमच्या नावाने जातो. तुमच्या सेंट फोल्डरमध्ये त्याची प्रत राहते.

पद्धत दोन: वेबसाईटवरचा फॉर्म. तुम्ही नाव आणि ईमेल भरता, बटण दाबता आणि मेल मोहिमेच्या सर्व्हरवरून जातो. हे सोपं वाटतं, पण यात एक मेख आहे. एकाच सर्व्हरवरून तासाला हजारो सारखे मेल निघाले की समोरचा मेल सर्व्हर सावध होतो. पाठवणारा ‘मी अमुक जीमेलवाला’ म्हणतोय, पण मेल जीमेलच्या सर्व्हरवरून आलेलाच नाही, हे त्याला तपासता येतं. मग असे मेल सरळ स्पॅममध्ये जाऊ शकतात. शिवाय तुमचा डेटा त्या साईटकडे राहतो तो वेगळाच.

म्हणून हरकत नोंदवायची असेल तर पहिली पद्धत बरी. मेल तुमचा आणि पुरावाही तुमच्याकडे.

पण मेलटू लिंकमध्ये आपल्या भाषेची एक गंमत आहे. लिंकमध्ये देवनागरी अक्षरं थेट बसत नाहीत, ती सांकेतिक रूपात लिहावी लागतात. युनिकोडमधलं देवनागरीचं प्रत्येक चिन्ह साठवायला तीन बाइट लागतात आणि लिंकमध्ये एक बाइट लिहायला तीन अक्षरं. म्हणजे एका चिन्हाला नऊ अक्षरं. ‘हवामान’ या शब्दात सहा चिन्हं आहेत: ह, व, काना, म, काना, न. लिंकमध्ये त्याची होतात ५४ अक्षरं. इंग्रजी ‘क्लायमेट’ची सातच राहतात.

जुने ब्राउझर आणि काही मेल ॲप साधारण दोन हजार अक्षरांच्या पुढची लिंक कापून टाकतात. त्या मापाने मराठी मजकूर जेमतेम सव्वादोनशे चिन्हांचा बसतो, एका ट्वीटपेक्षाही कमी. तयार मजकूर बहुतेक वेळा इंग्रजीतच का मिळतो, त्यामागचं एक कारण हेही आहे. उपाय साधा आहे: मराठी मजकूर पानावर वेगळा ठेवायचा, शेजारी ‘कॉपी करा’ बटण द्यायचं आणि लिंकमध्ये फक्त पत्ता आणि विषय ठेवायचा. तुम्ही कधी अशी मोहीम बनवलीत तर हे नक्की लक्षात ठेवा.

## वेबसाईट कशी गायब झाली?

जुलै २०२० मध्ये दिल्ली पोलिसांच्या सायबर विभागाने फ्रायडेज फॉर फ्युचर इंडियाचं डोमेन जिथून घेतलं होतं त्या रजिस्ट्रार कंपनीला नोटीस पाठवली. पर्यावरण मंत्र्यांच्या मेलवर ‘ईआयए २०२०’ अशा विषयाचे खूप मेल येत असल्याची तक्रार होती. ८ जुलैच्या नोटिशीत यूएपीए, म्हणजे बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्याचं कलम १८ होतं. हे कलम दहशतवादी कृत्याच्या कटासाठी आहे. साईट बंद पडली. मग पोलिसांनी ती नोटीस चुकून गेल्याचं सांगत मागे घेतली आणि आयटी कायद्याच्या कलम ६६ खाली दुसरी काढली. इंटरनेट फ्रीडम फाउंडेशन ही संस्था या तरुणांच्या बाजूने उभी राहिली. महिना संपायच्या आत साईट परत दिसू लागली. दुसऱ्या दोन गटांच्या साईटही त्याच सुमारास ब्लॉक झाल्या होत्या.

पण ‘साईट ब्लॉक झाली’ म्हणजे नेमकं काय झालं? साईट तुमच्या फोनपर्यंत पोहोचते तेव्हा मध्ये तीन ठिकाणी बटण असतं.

बटण १: होस्टिंग. साईटच्या फाइल्स ज्या कॉम्प्युटरवर आहेत तो बंद करायचा. दुकानच बंद.

बटण २: डोमेन. डीएनएस म्हणजे इंटरनेटची फोनबुक. तुम्ही नाव टाकता आणि फोनबुक नंबर देते, म्हणजे आयपी ॲड्रेस. नावाच्या शेवटी ‘डॉट इन’ असेल तर त्याची मुख्य वही भारतात निक्सी या संस्थेच्या अखत्यारीत असते. आपण नाव विकत घेतो ते रजिस्ट्रार कंपनीकडून. यांपैकी कोणीही त्या नावाला ‘होल्ड’ लावला की वहीतून नोंद निघते. दुकान उघडं असतं, माल असतो, पण पत्ता कोणालाच सापडत नाही. पुण्यातही नाही आणि न्यूयॉर्कमध्येही नाही.

बटण ३: इंटरनेट कंपनी. जिओ, एअरटेल किंवा तुमचा केबलवाला आपल्यापुरता रस्ता अडवतो. नाव वहीत असतं, पण तुमच्या नेटवर्कला ते दाखवू नका असं सांगितलेलं असतं.

फोनवरून फरक असा ओळखा. एका नेटवर्कवर साईट चालत नाही आणि दुसऱ्यावर चालते, तर बहुधा बटण ३. सगळ्या नेटवर्कवर, परदेशातल्या मित्राकडेही ‘हा पत्ता सापडला नाही’ असा एरर येतो, तर संशय बटण २ वर. पत्ता सापडतो पण साईट उत्तर देत नाही, तर बटण १ किंवा साधा सर्व्हर डाउन. कधीकधी खरंच कोणीतरी बिल भरायचं विसरलेलं असतं, त्यामुळे लगेच ‘सरकारने ब्लॉक केलं’ अशी स्टोरी टाकू नका.

यातून आणखी एक गोष्ट कळते. ‘व्हीपीएन लावा, सगळं चालतं’ हा सल्ला फक्त बटण ३ ला लागू पडतो. वहीतूनच नाव गेलं असेल तर व्हीपीएन काय करणार?

मोहीम चालवणाऱ्यांसाठी धडा असा की सगळं एकाच नावावर टांगू नका. मजकुराची प्रत दुसरीकडे हवी, लोकांशी बोलायचा दुसरा मार्ग हवा आणि वेबॅक मशीनवर पानं जतन केलेली हवीत. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, सरकारचा मूळ ईमेल पत्ता पोस्टरवर छापलेला हवा. कारण हरकत मंत्रालयाकडे जाते. साईट फक्त वाट दाखवते. वाटाड्या नसला तरी माणूस पोहोचला पाहिजे.

## खूप मेल पाठवणं हा गुन्हा आहे का?

इथे थोडं नीट बघायला हवं. आयटी कायद्याचं कलम ४३ संगणक यंत्रणा बिघडवणं, विस्कळित करणं किंवा अधिकृत माणसाला ती वापरू न देणं याबद्दल बोलतं. हेच अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीने केलं तर कलम ६६ लागतं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

तांत्रिक भाषेत दोन गोष्टी वेगळ्या आहेत. डीडॉस हल्ल्यात एक माणूस हजारो हॅक केलेल्या मशीनवरून खोटी मागणी पाठवतो आणि सर्व्हर पाडणं हाच त्याचा हेतू असतो. मोहिमेत हजारो खरी माणसं प्रत्येकी एक मेल पाठवतात आणि तो वाचला जावा हा हेतू असतो. मी सर्व्हरच्या बाजूने काम करतो, तिथे दोन्हींत ट्रॅफिक वाढल्याचा आलेख सारखाच दिसू शकतो. लोड वाढला की आम्ही आधी ‘कोण आहे, कशासाठी आलंय’ हे बघतो. दिवाळी सेलच्या गर्दीला कोणी हल्ला म्हणत नाही.

आणि ज्या सरकारने स्वतः ‘हरकती पाठवा’ म्हणून सांगितलं, त्याच सरकारकडे हरकती जास्त आल्या, ही यंत्रणेची अडचण असू शकते. तो पाठवणाऱ्याचा गुन्हा कसा होईल? मात्र तुमच्या बाजूने रेषा स्पष्ट ठेवा. एकाच माणसाने स्क्रिप्ट लावून पाचशे मेल पाठवणं, दुसऱ्याच्या नावाने मेल पाठवणं, खोटी खाती बनवणं हे करू नका. त्याने कायदेशीर धोका तर होतोच, शिवाय बाकीच्या हजारो खऱ्या लोकांचे मेलही संशयाच्या टोपलीत जातात.

## लाखो मेल वाचतात कसे?

बातम्यांमधले आकडे बघितले तर या मसुद्यावर १७ लाखांच्या पुढे हरकती आणि सूचना आल्या. त्यांची छाननी आणि वर्गवारी करायचं काम नागपूरच्या नीरी या संस्थेकडे देण्यात आलं.

त्यांनी ते कसं केलं ते बाजूला ठेवू. असं काम माझ्यासमोर आलं तर मी काय करेन ते सांगतो, म्हणजे तुमच्या मेलचं काय होऊ शकतं याचा अंदाज येईल.

आधी प्रत्येक मेलच्या मजकुराचा हॅश काढेन. हॅश म्हणजे मजकुराचा अंगठ्याचा ठसा. दोन मेल अक्षर न् अक्षर सारखे असतील तर ठसा सारखाच येतो. मग जवळजवळ सारखे मेल एकत्र करेन, म्हणजे फक्त नाव आणि गाव बदललेले. एवढ्यानेच लाखो मेलचे काही शे गठ्ठे होतील. मग प्रत्येक गठ्ठ्यातला एक मेल वाचेन आणि मुद्दे लिहीन.

आता विचार करा. तुम्ही आणि एक लाख लोकांनी तोच तयार मजकूर पाठवला असेल, तर माझ्या एक्सेलमध्ये ती एक ओळ होईल: मुद्दा एक, पाठिंबा एक लाख. पण एखाद्या मुलीने लिहिलं असेल की “आमच्या गावाजवळ खाण आहे, सुनावणीची नोटीस तालुक्याच्या ठिकाणी लागते, आमच्यापर्यंत पोहोचायलाच दोन आठवडे जातात, मग २० दिवसांत आम्ही अहवाल कधी वाचायचा?” तर तिची वेगळी ओळ होईल. एकच मेल, पण त्याला स्वतंत्र उत्तर द्यावं लागेल.

कायद्याची भाषाही अशीच आहे. आलेल्या हरकतींचा सरकारने विचार करायचा असतो. हे मतदान नाही, म्हणून जास्त मेलवाला आपोआप जिंकत नाही. संख्येने दबाव येतो, बातमी होते, न्यायालयात ‘लोकांना हे नको आहे’ असं सांगता येतं. पण उद्या कोणी कोर्टात गेलं आणि विचारलं की या मुद्द्यावर सरकारने काय विचार केला, तर उपयोगी पडतो तो मुद्दा. म्हणून तयार मजकूर वापरा, हरकत नाही. फक्त वरती आपल्या अनुभवाच्या दोन-तीन ओळी घाला. तेवढ्याने ठसा बदलतो.

## मग शेवटी जिंकलं कोण?

तो मसुदा अंतिम अधिसूचना बनलाच नाही. कर्नाटक उच्च न्यायालयानेही ऑगस्ट २०२० मध्ये अंतिम अधिसूचना काढायला अंतरिम मनाई केली होती. या अर्थाने मोहीम यशस्वी झाली असं म्हणता येईल.

पण पुढची गोष्ट कमी लोकांना माहीत आहे. जुलै २०२१ मध्ये मंत्रालयाने एक ऑफिस मेमोरँडम काढलं, म्हणजे कार्यालयीन परिपत्रक. मंजुरी न घेता सुरू झालेल्या प्रकल्पांना नंतर कसं हाताळायचं याची कार्यपद्धती त्यात होती. ‘आधी बांधा, मग परवानगी’ हा वादाचा मुद्दा दुसऱ्या वाटेने परत आला. आणि परिपत्रकासाठी ६० दिवस हरकती मागवाव्या लागत नाहीत. मेल पाठवायला इनबॉक्सच नव्हता!

मुंबईची वनशक्ती ही संस्था याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेली. १६ मे २०२५ रोजी न्यायालयाने हे परिपत्रक आणि त्याआधीची २०१७ ची अधिसूचना रद्द केली. सहाच महिन्यांनी, १८ नोव्हेंबर २०२५ ला, तीन न्यायाधीशांच्या पीठाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने तो निकाल मागे घेतला. प्रकरण पुन्हा सुनावणीला गेलं.

सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर एक बग फिक्स झाला म्हणून टिकेट बंद केलं, आणि तोच बग दुसऱ्या मॉड्यूलमधून परत आला. २०२० मध्ये लाखो लोकांनी मेल पाठवले. २०२१ मधलं परिपत्रक किती जणांनी उघडून बघितलं? क्लिकची मोहीम समोरचं दार अडवते. मागचं दार बघायला कोणीतरी रोज थांबावं लागतं, आणि ते काम कंटाळवाणं असतं.

## तुमच्या फोनवरून काय करता येईल?

परिवेश पोर्टल बघा. केंद्राच्या या पोर्टलवर पर्यावरण मंजुरीचे अर्ज आणि त्यांची कागदपत्रं असतात. राज्य आणि जिल्हा टाकून तुमच्या भागात काय चाललंय ते शोधा.

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या साईटवर जनसुनावणीच्या नोटिसा असतात. सोबत प्रकल्पाचा मराठी सारांशही असतो. महिन्यातून एकदा बघितलं तरी पुरे.

पीडीएफ सर्च होत नसेल तर घाबरू नका. बऱ्याच सरकारी फाइल स्कॅन केलेल्या असतात किंवा जुन्या फॉन्टमध्ये असतात. मग मराठी मजकूर कॉपी केला की भलतीच अक्षरं येतात. अशा पानाचा स्क्रीनशॉट काढा आणि गूगल लेन्समधून मजकूर काढून घ्या. आकडे मात्र मूळ पानाशी ताडून बघा.

पत्ता तपासा. तुमचा मेल खरंच नोटिशीत दिलेल्या पत्त्यावर जातोय का? एखाद्या याचिका-साईटवर सही केली म्हणजे सरकारकडे हरकत नोंदवली गेली असं नसतं. दोन्ही करा, पण फरक ओळखून करा.

मुदत आणि पुरावा. शेवटच्या तारखेच्या आत पाठवा. विषयात अधिसूचनेचा किंवा प्रकल्पाचा क्रमांक लिहा. सेंट फोल्डरमधला मेल डिलीट करू नका. तारीख आणि वेळेसकट तोच तुमचा पुरावा.

एकाच नावाने एकच मेल. आईचा, मित्राचा मेल त्यांनाच पाठवू द्या. मुद्दा समजावून सांगायला पाच मिनिटं लागतील, पण मग ती हरकत त्यांची असेल.

पुढच्या वेळी ‘फक्त एक क्लिक करा’ असा मेसेज आला तर क्लिक जरूर करा. सेंड दाबायच्या आधी दोन ओळी स्वतःच्या लिहा आणि कॅलेंडरमध्ये सहा महिन्यांनंतरचा एक रिमाइंडर लावा: “त्या मसुद्याचं पुढे काय झालं?”